एकट्याने ट्रकचा गिअर बॉक्स चढवताना

गळीत हंगाम ऐन भरात आला, म्हणजे गाडीतळावर एखादी तरी गाडी अशी दिसतेच की जिच्या खालून नुसते दोन पाय बाहेर आलेले असतात. शेजारी गोणपाटावर पाने, हातोडा, डिझेलचा डबा, मळकी फडकी, आणि बाजूला जमिनीवर उतरवून ठेवलेला गिअर बॉक्स. मालक, ड्रायव्हर आणि फिटर अशी तिन्ही माणसे त्या दोन पायांतच असतात. गावातला मिस्त्री चार दिवस मोकळा नाही, नगरला किंवा श्रीरामपूरला गाडी ओढून न्यावी तर एक दिवस आणि टोइंगचे पैसे जातात. तिकडे फडात टोळी बसून आहे, तिला उचल दिलेली आहे. तेव्हा मालक स्वतःच खाली शिरतो.

हे काम एकट्याने करू नये, एवढे लिहून आम्हांस हात झटकता आले असते. पण आमच्या लिहिण्याने ते थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून आमच्या वाहतूकदार सभासदांसाठी हे जरा सविस्तर लिहीत आहोत. एकट्या माणसाला घरच्या अवजारांनी गिअर बॉक्स चढवता येतो काय? येतो. मात्र ते ताकदीचे काम नव्हे. तालमीतल्या गड्याने छातीवर घेऊन पायांनी रेटून बॉक्स बसवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. ज्यांची छाती त्याखाली सापडली ते गोष्टी सांगायला येत नाहीत, एवढेच.

मुळात ऊसवाहतुकीच्या गाड्यांचा गिअर बॉक्स इतक्या वेळा उतरवावा का लागतो, ते आधी पाहू. पुष्कळदा गिअर बॉक्सचा काही दोष नसतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत जाते ती अशी: इंजिनाच्या मागे फ्लायव्हील, त्याला टेकून क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, मग गिअर बॉक्स, तेथून प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी डिफरन्शियल. क्लच प्लेट ही जात्याच्या दोन दगडांत सापडलेल्या दाण्यासारखी आहे. पेडल पूर्ण सोडले की ती घट्ट दाबली जाते आणि घासत नाही. पेडल पूर्ण दाबले की मोकळी होते, तेव्हाही घासत नाही. घासते ती मधल्या अवस्थेत, ज्याला आपले ड्रायव्हर हाफ क्लच म्हणतात.

आता फडातली परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. पाणी तोडून आठ दिवस झालेले, वरून रान वाळलेले, पण सरीच्या तळाला ओल. गाडी उसाने भरलेली. मागची चाके वरंबा ओलांडताना रुततात. ड्रायव्हर पहिल्या गिअरवर, हाफ क्लचवर, पुढे-मागे असे झोके देऊन गाडी बाहेर काढतो. त्या दहा मिनिटांत प्लेट जितकी झिजते तितकी ती डांबरी सडकेवर कित्येक दिवसांत झिजत नाही. खाली जळका वास येतो तो याच प्लेटीचा. असे महिनाभर चालले की इंजिन ओरडते पण गाडी उचलत नाही. म्हणजे प्लेट गेली. ती प्लेट इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्या मधोमध असल्याने तिच्यापर्यंत पोहोचायचे तर गिअर बॉक्स मागे सरकवून खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

अशा वेळी गाडी भरलेली असली तर घाई आणखी वाढते. तोडलेला ऊस हा तोडलेल्या भाजीसारखाच आहे. तो सुकतो, वजन घटते, आणि आतल्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होत जाते, ज्याचे पुढे स्फटिक बनत नाहीत. म्हणूनच तोडीनंतर चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असा शेतकी खात्याचा आग्रह असतो. याउपर आमचे सांगणे असे, की भरल्या गाडीखाली शिरू नये. स्लिप बॉयला किंवा गट ऑफिसला कळवून ऊस दुसऱ्या गाडीत भरून द्यावा, मग पाना हातात घ्यावा. एक खेप दुसऱ्याला गेली तर गेली.

वजन किती आणि त्याचे काय करायचे

टाटांनी डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला 1954 साली ट्रक बांधायला सुरुवात केली, ते सहकार्य 1969 पर्यंत होते. आपल्या जिल्ह्यात सहकारी कारखानदारीचा पाया त्याआधीच घातला गेला होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला प्रवरेचे गाळप 1950-51 च्या हंगामात सुरू झाले. त्या काळी ऊस मुख्यतः बैलगाडीने येई. बैलगाडीचा कणा, वंगण आणि आरे एवढे गावच्या सुताराला आणि लोहाराला कळले की काम भागत होते. पुढे ट्रक आले, आणि 'बारा-दहा' हा शब्द खेडोपाडी रुळला. त्यातले बारा म्हणजे भरलेल्या गाडीचे एकूण वजन सुमारे बारा टन, आणि दहा म्हणजे इंजिनाची ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती. 'सोळा-तेरा'चा अर्थही तसाच लावावा. आजच्या गाड्या याहून मोठ्या व नाजूक आहेत, त्यांत सेन्सर आणि तारांचे जाळे आहे, त्यांचे काम कंपनीच्या वर्कशॉपातच बरे. आमचे लिहिणे आहे ते हंगामापुरत्या बाहेर निघणाऱ्या जुन्या, साध्या, पाच गिअरच्या गाड्यांबद्दल.

अशा गाडीचा गिअर बॉक्स ढोबळमानाने शंभर ते दीडशे किलोचा असतो, म्हणजे युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या तीन गोण्या एकत्र बांधल्यासारखा. पण गोणी अंगाला अंग लावून उचलता येते. गिअर बॉक्स हा ओबडधोबड, तेलकट, कुठेही धरायला कान नसलेला, एका बाजूला जड आणि पुढे शाफ्टचे टोक बाहेर आलेला असा असतो. शिवाय तो नुसता उचलून भागत नाही. जमिनीपासून दोन-तीन फूट वर, उताण्या अवस्थेत, इंजिनाशी तंतोतंत सरळ रेषेत धरून पुढे सरकवावा लागतो.

वजन उचलायला ताकद लागत नाही, हे आपल्याला शाळेत शिकवण्याआधी विहिरीवर समजले आहे. विहिरीतली मोटार काढताना आपण तिकाटणे उभारतो, चेनकप्पी टांगतो आणि एक माणूस साखळी ओढत राहतो. मोटार वर येते, साखळी सोडली तरी ती जागेवर थांबते. पहारीचेही तेच. साडेपाच फुटी पहारीला टोकापासून अर्ध्या फुटावर टेकू दिला, तर एकीकडे अर्धा फूट आणि दुसरीकडे पाच फूट, म्हणजे ताकद दहापट. दीडशे किलोला पंधरा किलोचा दाब पुरतो. या दोन गोष्टी ज्याला ठाऊक आहेत त्याच्या घरी निम्मी अवजारे आहेतच.

घरी बनवता येण्यासारखी अवजारे

पहिले आणि सर्वांत स्वस्त अवजार म्हणजे दोन गाईड खुंट्या. गिअर बॉक्स ज्या बोल्टांनी इंजिनामागच्या हाऊसिंगला बसतो, त्याच आट्याचे पण चार-पाच इंच जास्त लांब असे दोन बोल्ट घ्यावेत. हॅकसॉने त्यांची डोकी कापावीत, टोक कानशीने गोल करावे, आणि मागच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच पाडावी. या खुंट्या समोरासमोरच्या दोन भोकांत हाताने पिळून बसवायच्या. गिअर बॉक्स त्यांवर चढला की तो डावी-उजवीकडे जाऊ शकत नाही, फिरू शकत नाही, फक्त पुढे-मागे सरकतो. एकट्या माणसाला दुसऱ्या माणसाची सगळ्यात जास्त गरज असते ती बॉक्स सरळ धरायला. ते काम या दोन खुंट्या बिनबोभाट करतात. नवीन बोल्ट घेऊन बनवायला तासभर लागतो. आमच्या मते हंगामापूर्वी प्रत्येक ट्रकमालकाने एक जोडी करून टूलबॉक्समध्ये टाकावी.

दुसरे, प्लेट मधोमध बसवण्याची दांडी. क्लच प्लेटीच्या मधल्या भोकाला दाते असतात, त्यांतून गिअर बॉक्सचा शाफ्ट जातो आणि त्याचे निमुळते टोक फ्लायव्हीलच्या मध्यात असलेल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये शिरते. प्रेशर प्लेट आवळताना क्लच प्लेट जर दोन-तीन सूतही खाली घसरली, तर शाफ्ट प्लेटीतून जाईल पण बेअरिंगवर आपटेल. अनुभवी मिस्त्री हे डोळ्यांनी जुळवतात. नवख्याने तो मोह टाळावा. भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचा, दाते गेलेला जुना टॉप शाफ्ट मिळतो. तो मिळाल्यास उत्तम, नाही तर लेथवर बाभळीच्या लाकडाची दांडी कातून घ्यावी: पुढचे टोक पायलट बेअरिंगच्या आतल्या मापाचे, मागचा भाग प्लेटीच्या भोकात घट्टसर बसेल असा. प्रेशर प्लेटीचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळल्यावर ही दांडी बाहेर ओढून पुन्हा आत घालून पाहावी. अडखळली तर प्लेट मधोमध नाही. पुन्हा सैल करावे.

तिसरे, पाळणा. जॅकच्या डोक्यावर गिअर बॉक्स नुसता टेकवणे म्हणजे उतरंडीवर घागर ठेवण्यासारखे आहे. गिअर बॉक्सच्या पोटाच्या आकाराचा, दीड इंची अँगलचा चौकोन वेल्डिंग करून घ्यावा. त्याला चारी कोपऱ्यांत उभे कान ठेवावेत, आणि बॉक्सवरून फिरवून आवळता येईल अशी साखळी किंवा पट्टा लावावा. पाळण्याच्या मागच्या बाजूला लांब आट्याचा एक बोल्ट ठेवला, तर तो पिळून बॉक्सचे शेपूट हवे तेवढे वर-खाली करता येते. हा बोल्ट म्हणजे या अवजाराचा जीव आहे, तो का ते पुढे येईलच. पाळणा ट्रॉली जॅकवर बोल्टांनी पक्का बसवावा. बाटली जॅकवर तो डळमळतो. बाटली जॅकच वापरायचा झाला तर वजन वरून चेनकप्पीवर पेलावे आणि जॅक फक्त कोन साधण्यापुरता ठेवावा.

चौथे, वरची तुळई. बॉनेटवाल्या जुन्या गाड्यांत केबिनमधला तळपत्रा काढला की गिअर बॉक्स वरून दिसतो. दोन्ही दारे उघडून तीन इंची जाड पाइप आरपार घालावा आणि त्याची दोन्ही टोके बाहेर जमिनीवर उभ्या केलेल्या तिकाटण्यांवर टेकवावीत. केबिनवर भार द्यायचा नाही. पत्रा तो पत्राच. पाइपच्या मध्यावर एक टनी चेनकप्पी टांगली की गिअर बॉक्स वरून पेलता येतो आणि खाली माणसाला शिरण्याची गरज कमी होते. आमच्या मते सर्व रीतींमध्ये ही रीत सर्वांत सुरक्षित आहे. मात्र पहिल्यांदा वापरण्यापूर्वी युरियाच्या सहा गोण्या, म्हणजे पावणेतीनशे किलो, टांगून पाव तास तशाच ठेवाव्यात. तिकाटण्याचे पाय पसरतात का, वेल्डिंगला चीर जाते का, हे गोण्यांच्या वेळी कळलेले बरे. नायलॉनचा दोर या कामी वापरू नये. तो ताणतो, आणि धारेवर घासला तर कापला जातो. साखळीच घ्यावी.

आणखी एक युक्ती, आमच्या मनात भरलेली. बोल्ट किती आवळावा याचे माप कंपनीच्या पुस्तकात किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेले असते. ते मोजणारा पाना महाग पडतो. पण आपल्या घरी हूकचा ताणकाटा असतो. पान्याला पाइप घालून बोल्टाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर खूण करा, तेथे काटा अडकवून पान्याशी काटकोनात ओढा. काट्याने दहा किलो दाखवले की पाच किलोग्रॅम-मीटर झाले. पुस्तकात जे असेल त्याच्या दुप्पट किलो काट्यावर, इतका सोपा हिशेब.

खाली शिरण्यापूर्वी

जागा कठीण आणि सपाट हवी. फडात, बांधावर किंवा उतारावर हे काम नको. गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली आहे, आता हलत नाही, असे पुष्कळांना वाटते. पण प्रॉपेलर शाफ्ट सुटला की इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटतो, गिअरचा आधार त्याच क्षणी संपतो. काही गाड्यांचा हँडब्रेक गिअर बॉक्सच्या मागच्या ड्रमवर चालतो, त्यांचा तर हँडब्रेकही त्याबरोबर जातो. गाडी खालचा माणूस अंगाखाली घेऊन हळूच सरकू लागते ती अशी. म्हणून शाफ्टाच्या बोल्टाला पाना लावण्यापूर्वी चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून लाकडी ठोकळे ठोकून बसवावेत. एकाच बाजूला दगड लावून समाधान मानू नये.

ट्रकची चेसी बहुधा एवढी उंच असते की गाडी उचलावी लागत नाही. उचलावी लागलीच, तर जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही, हे ध्यानात असू द्यावे. जॅकमधले तेल एका रबरी सीलवर थांबलेले असते. सील गेले की सूचना न देता जाते. चेसीखाली रेल्वे स्लीपरसारखे जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून चौथरा करावा. विटा, दगड, सिमेंटचे ब्लॉक कधीही नकोत. लाकूड फुटण्यापूर्वी करकरते, वीट फुटते ती एकदम.

बॅटरीची तार सोडून ठेवा आणि किल्ली स्वतःच्या खिशात घाला. क्लीनरने किंवा एखाद्या हौशी पाहुण्याने स्टार्टर मारला तर खाली हात असलेल्या माणसाची बोटे जातील. टोळीच्या खोप्या जवळ असतील तर पोरे गाडीभोवती खेळत येतात, त्यांना आधीच लांब बसवावे. एकट्याने काम करायचे म्हणजे कुणाला न सांगता करायचे असे नव्हे. हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे, त्याला सांगून ठेवावे, आणि फोन वरच्या खिशात नव्हे तर पडल्यापडल्या हात पोहोचेल असा ठेवावा. आपल्या गावांतून लष्कराच्या ई.एम.ई. शाखेत नोकरी करून आलेली माणसे आहेत. नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्थाही आहे, त्यामुळे ही माणसे अवजड गाड्यांबद्दल बोलू लागली की ऐकत बसावे. त्यांचे म्हणणे, वजन हवेत असताना हुकूम एकाच तोंडातून निघावा. तुमच्या मदतीला ऐनवेळी चार जण धावून आले आणि चौघेही सूचना देऊ लागले, तर आधी वजन खाली टेकवा.

चढवणे

प्लेट नवीन घातली, पण फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा असतील तर ते लेथवर साफ करून घ्यावे लागते. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर तेही आत्ताच बदलावे. नवीन प्लेट तेलकट झाली की चार दिवसांत पुन्हा खाली शिरावे लागेल. रिलीज बेअरिंग हाताने फिरवून पाहावे, खरखर वाजले तर परत घालू नये. शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा बोट फिरवल्याएवढाच पातळ हात द्यावा. जास्तीचे ग्रीस फिरताना उडून प्लेटीवर जाते. जुन्या प्लेटींच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे, त्यामुळे आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ती धूळ फुप्फुसांत बसते.

आता मूळ काम. गिअर बॉक्स पाळण्यात बांधा, आधी दोन इंच उचलून पाहा. नाक खाली जाते की शेपूट, ते बघून साखळीची जागा बदला. समतोल साधला की मगच वर न्या. बॉक्स गिअरमध्ये टाकून ठेवा, म्हणजे मागचा फ्लँज हाताने फिरवला की पुढचा शाफ्ट फिरेल. काही गाड्यांत इंजिनाचा मागचा भार गिअर बॉक्सच्या पायांवर असतो. अशा गाडीत बॉक्स काढल्यापासून इंजिन मागच्या बाजूला झुकलेले असते. त्याला फ्लायव्हील हाऊसिंगखाली लाकडी टेकू हवा. तेलाच्या चेंबरखाली टेकू दिला तर चेंबर चेपतो.

खुंट्यांवर बॉक्सची भोके चढली की मग घाई सोडा. इंजिनाचे तोंड आणि बॉक्सचे तोंड यांच्यामध्ये जी फट राहते ती वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखी आहे का, ते पाहायचे. काडेपेटी आडवी-उभी घालून मोजले तरी चालते. वर फट जास्त असेल तर बॉक्सचे शेपूट खाली झुकले आहे. पाळण्याचा तो मागचा बोल्ट पिळून शेपूट वर घ्या. चारी बाजूंना फट सारखी झाली की एका हाताने मागचा फ्लँज हळूहळू फिरवा आणि दुसऱ्या हाताने, किंवा चेसीच्या आडव्या पट्टीला टेकवलेल्या छोट्या पहारीने, बॉक्स पुढे रेटा. दाते दात्यांत पडले की हाताला कळते. बॉक्स स्वतःहून इंचभर पुढे जातो.

शेवटी अर्ध्या इंचाची फट राहते आणि बॉक्स अडतो. येथेच बहुतेकांचे काम बिघडते. थकलेला माणूस म्हणतो, आता बोल्ट लावू आणि आवळून ओढून घेऊ. नाही! बोल्ट आवळून जे आत ओढले जाते ते सरळ जातच नाही. शाफ्टचे टोक पायलट बेअरिंगवर आपटत असेल तर बेअरिंग फुटते, दाते दात्यांवर चढले असतील तर प्लेटीचा मधला भाग वाकतो, नाही तर ओतीव हाऊसिंगचा कान तुटतो. अडले तर पुन्हा फट मोजा, फ्लँज फिरवा. तरीही जात नसेल तर बॉक्स मागे घ्या आणि दांडी घालून प्लेट तपासा. बॉक्सची तोंडे एकमेकांना हाताने टेकल्यावरच बोल्टाला पाना लावायचा.

दुसरी तितकीच मोठी गोष्ट. शाफ्ट प्लेटीत अर्धा शिरला आणि चहाची वेळ झाली म्हणून जॅक सैल सोडला, तर सगळ्या बॉक्सचे वजन त्या एका शाफ्टवरून प्लेटीवर लोंबकळते. प्लेट इतकीशी वाकते की डोळ्यांना दिसत नाही. पण गाडी सुरू केल्यावर पेडल पूर्ण दाबले तरी ती सुटत नाही, पहिला गिअर कर्रकन वाजून पडतो, आणि मालक गिअर बॉक्सला दोष देत बसतो. शाफ्ट आत शिरू लागल्यापासून किमान चार बोल्ट समोरासमोर लागेपर्यंत आधार काढायचा नाही. मग भले जेवण थंड होवो.

चार बोल्ट लागले की खुंट्या काढून त्यांच्या जागी बोल्ट घालावेत. सगळे एकाच बाजूने न आवळता समोरासमोरचे आवळत जावेत.

प्रॉपेलर शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँजांवर छन्नीने किंवा रंगाने खूण केलेली असावी. खुणेला खूण जुळवूनच तो लावावा, नाही तर भरधाव वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. गिअर बॉक्सचे तेल पुस्तकात सांगितलेलेच घालावे. पुष्कळ बॉक्समध्ये गिअर अलगद पडावेत म्हणून पितळी कड्या असतात. डिफरन्शियलसाठीच्या काही तेलांतली गंधकयुक्त द्रव्ये या कड्या खातात, म्हणून उरलेले तेल आहे तर तेच ओता, असे करू नये. बाजूच्या भोकाच्या काठापर्यंत तेल आले की पुरे.

चाकांचे ठोकळे काढण्यापूर्वी बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू करावे, पेडल दाबून सगळे गिअर एकेकदा टाकून पाहावेत. क्लचच्या पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल असलीच पाहिजे, किती ते मॉडेलप्रमाणे ठरते. मोकळी चाल नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दबून फिरते आणि नवीन प्लेटही घसरू लागते. मग रिकामी गाडी गावाबाहेर फिरवून आणावी. पहिल्या दोन-तीन खेपा शक्यतो सडकेलगतच्या फडातल्या घ्याव्यात, कारण नवीन प्लेट बसायला थोडा वेळ लागतो. त्यानंतर हाऊसिंगचे व प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत आणि पेडलची चाल पुन्हा जुळवून घ्यावी. प्लेट जागेवर बसली की ती चाल कमी झालेली आढळते.